माझ्या हातावरचा अनंता

माझा भाऊ डॉक्टर आहे हे कळलं की पोस्टात माझ्या खिडकीसमोर उभ्या असलेल्या बायका एकदम गोड बोलायला लागतात. "कसले डॉक्टर हो तुमचे भाऊ?" मी तिकिटं फाडत सांगते, "सशांचे." बाई सुट्टे पैसे उचलते आणि चालायला लागते. कांदिवलीच्या पोस्टात दिवसभर बसून माणसाला दुसरी करमणूक ती काय असणार?

खरं सांगायचं तर अनंता सर्जन आहे. चांगला शिकलेला, दोन वर्षं विलायतेत राहून आलेला. उपनगरातल्या एका म्युनिसिपल हॉस्पिटलात भाजलेल्या पेशंटांचा वॉर्ड बघतो. पण दुपारचं काम उरकलं की हा बाबा हॉस्पिटलच्या मागे, धोबीखात्याला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरतो. तिथे त्याचे ससे. त्याच्याबरोबरचे डॉक्टर एव्हाना घाटकोपर-मुलुंडला स्वतःची हॉस्पिटलं काढून बसले आणि आमचा हिरो सशांना कोबीची पानं चारतोय!

एकदा रविवारी मला घेऊन गेला. पांढऱ्याशुभ्र सशाच्या पाठीवर काळ्या सशाच्या कातड्याचा चौकोन लावलेला. गोधडीला ठिगळ लावावं तसा.

"छान बसलाय की रे," मी म्हटलं.

"आत्ता छान आहे, बाय. पुढच्या रविवारी ये म्हणजे कळेल."

पुढच्या रविवारी तो चौकोन करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा कडक झाला होता, कडेने सुटत होता. अनंता म्हणाला की सशाच्या अंगाला कळतं, हे आपलं नाही. मग ते टाकून देतं. कातडं असो, मूत्रपिंड असो, भानगड एकच. मोठमोठ्या हॉस्पिटलांत आता मूत्रपिंडं बदलतात, नवी औषधंही निघाली आहेत, पण कातड्याच्या बाबतीत अंग सगळ्यात हट्टी. हुबेहूब जुळी भावंडं सोडली तर कुणाचं कातडं कुणाला कायमचं बसत नाही.

"मग कशाला लावतोस मेल्या? त्या मुक्या जिवाला त्रास."

"टाकू नये म्हणून काय करता येईल ते बघतोय."

"किती वर्षं बघणार?"

तो सशाचे कान कुरवाळायला लागला. तो हे का करतो ते मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. त्या सशांच्या मुळाशी मी होते.

साठ सालची गोष्ट. तेव्हा आम्ही लालबागला चाळीत राहत होतो. आई अनंताच्या पाठच्या बाळंतपणात गेली, त्यामुळे घर माझ्याच गळ्यात. माझं लग्न ठरलेलं. हौसेने घेतलेली नायलॉनची साडी नेसून चहा करायला बसले आणि स्टोव्ह भडकला. उजवा हात, खांदा आणि मानेचा थोडा भाग. सासरचे होणारे लोक बघायलासुद्धा आले नाहीत. जाऊ दे, मेले.

डॉक्टर म्हणाले, जखम उघडी ठेवून चालणार नाही आणि हिचं स्वतःचं कातडं काढण्याएवढी हिच्यात ताकद नाही. घरातल्या कुणाचं तरी तात्पुरतं लावू. बाबा उभेच होते. धाकू धुरी, गिरणीत माग चालवणारा साचेवाला, अंगाने काटक आणि रंगाने असे काळे की आई त्यांना हसायची. म्हणाले, "माझा घेवा. वाटल्यास सगळा सोलून काढा."

त्यांच्या मांडीचं कातडं माझ्या हातावर आलं. मी आईसारखी गोरी. पट्टी सोडली तेव्हा माझ्या हातावर काळे पट्टे, बाबांच्या रंगाचे. बाबा खालच्या मजल्यावर पुरुषांच्या वॉर्डात पडलेले आणि वर माझ्या हातावरही बाबाच. सांगायला लाज वाटते, पण मी त्या हाताशी बोलायचे. दुखणं, मोडलेलं लग्न, सगळं त्याला सांगायचे. बाबांशी समोरासमोर मी तेवढं कधी बोलले नव्हते. आमच्याकडे कुठे असतं तसं!

मग ते पट्टे सुटायला लागले. मोठे डॉक्टर राउंडला आले, बरोबरच्या विद्यार्थ्यांना म्हणाले, "हिच्या अंगाने बापाचं कातडं नाकारलं." मी तोंड भिंतीकडे केलं. अनंता डबा घेऊन आलेला, सोळा वर्षांचा. त्याने थेट विचारलं, "का?" डॉक्टर चांगला माणूस होता. म्हणाला, "ते अजून नीट कुणालाच माहीत नाही, बाळ."

पुढे माझ्याच मांडीचं कातडं लावून जखम भरली. कोपर पूर्ण सरळ होत नाही, बाकी हात कामाला चालतो. दोन वर्षांनी बाबा गेले, गिरणीच्या खोकल्याने. लोक माझं सांत्वन करत होते आणि माझ्या डोक्यात ते एकच वाक्य, हिच्या अंगाने बापाला नाकारलं. मी काय मुद्दाम केलं होतं? पण मनाला कोण सांगणार. तेव्हापासून मी लांब बाह्यांचेच ब्लाउज घालते. लोकांना वाटतं डाग झाकायला. मला तो हात बघायलाच नको असायचा.

अनंता मात्र त्या "का"च्या मागे लागला तो लागलाच. मेडिकल, मग सर्जरी, मग विलायत. तिथल्या प्रयोगशाळेत राहा म्हणत होते. परत आला. लग्न म्हणाल तर एकदा मुलगी बघायला नेला होता बोरिवलीला. मुलगी छान होती, गाणं शिकलेली. तिने विचारलं, संध्याकाळी काय करता? याने उत्साहात सशांच्या खपल्यांचं वर्णन सुरू केलं, तेही पोहे समोर असताना! झाली सोयरीक. मी घरी येईपर्यंत त्याच्याशी बोलले नाही.

पंचाऐंशीच्या सुमाराला त्याला एक वाट सापडली. म्हणजे वाट जगात इतरांनीही धरली होती, मूत्रपिंडाच्या बाबतीत. त्याने ती कातड्यासाठी घासून बघितली. ज्याचं कातडं घ्यायचं त्याचं थोडं थोडं रक्त आधीपासून दुसऱ्याच्या अंगात सोडत राहायचं. अंगाची आणि परक्याची ओळख करून द्यायची. जोडीला थोडं औषध. "सून एकदम घरात आणायची नाही, आधी चार वेळा चहाला बोलवायची," असं मला समजावलं. लग्न न झालेला माणूस मला सुना समजावतोय! पण खरंच, एका सशाच्या पाठीवरचा काळा चौकोन सुटला नाही. त्यावर केससुद्धा आले. अनंताने त्या दिवशी घरी येऊन कांदेपोहे दोनदा मागून खाल्ले.

पण वॉर्डात ते चालेना. ओळख करून द्यायला महिने लागतात आणि भाजणं काय तिथी बघून येतं? पोरी आज भाजून येतात, त्यांना आज कातडं लागतं. त्याला असा कुणीतरी हवा होता ज्याला घाई नाही आणि जखम आहे.

ती मी होते. माझ्या हाताचा जुना वण मनगटाजवळ सारखा फुटायचा, भरायचा, पुन्हा फुटायचा. तिथे नवीन कातडं लावायलाच हवं होतं. मी म्हटलं, "माझ्यावर कर. तुझंच कातडं लाव."

"वेडी आहेस का? तुझ्या मांडीचं लावतो. कायमचं बसेल, प्रश्न मिटला."

"मला माझं नकोय."

"बाय, नको."

"का नको? कारण सांग."

कारण सांगेना. चिडला, उठून गेला. असं वर्षभर चाललं. मी पण धुऱ्यांची पोर. शेवटी मी त्याला खरं ते सांगून टाकलं. अनंता रंगाने बाबांवर गेलाय, अगदी तोच रंग, हातावरचे केससुद्धा तसेच. मी म्हटलं, "तुला शोध लावायचाय तो लाव. मला बाबांचा रंग पुन्हा हातावर हवाय. मेला एवढासा तुकडा मागतेय मी, राज्य नाही मागत." तो म्हणाला, "बरं."

त्याच्या हाताखालची डॉक्टर क्षमा, शांत, नेमकी मुलगी. मोठ्या साहेबांची परवानगी तिनेच मिळवली, ऑपरेशनही तीच करणार होती, कारण अनंता स्वतः देणारा, त्याला आपल्याच मांडीवर सुरी कशी चालवता येणार? उन्हाळाभर मला त्याच्या रक्ताच्या सुया मिळाल्या. श्रावणात ऑपरेशन. आम्ही दोघं एकाच दिवशी लंगडत घरी आलो, म्हणजे तो लंगडत आणि मी हात गळ्यात बांधून. शेजारीण विमला म्हणाली, "भावाबहिणीत मारामारी झाली की काय गं?"

पट्टी सोडली तेव्हा तुकडा गुलाबी होता. मग हळूहळू रंग धरायला लागला. सशांचे चौकोन ज्या सुमाराला सुटायचे तो सुमार गेला. बाबांचे पट्टे सुटले होते तेवढे दिवसही गेले. अनंता रोज सकाळी भिंग घेऊन माझ्या हातावर वाकायचा आणि मी त्याच्या डोक्यावरचं टक्कल बघत बसायचे. आणि एक दिवस पोस्टात शिक्का मारता मारता माझं लक्ष गेलं. माझ्या गोऱ्या हातावर काळा तुकडा, पत्त्याच्या पानाएवढा. बाबा! मला तिथेच हुंदका आला. समोरचा माणूस घाबरला, म्हणाला, "राहू द्या बाई, मी उद्या रजिस्टर करतो."

मी पंचवीस वर्षांनी अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज शिवला.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात क्षमाने त्या तुकड्यातून टाचणीच्या डोक्याएवढा कण काढला. त्यांचं काय असतं, पुरुषाच्या पेशी एका खास रंगात बुडवल्या की प्रत्येकीत एक ठिपका चमकतो. बाईच्या पेशीत नाही चमकत. म्हणजे हातावर आहे तो अनंता की माझंच कातडं कडेने आत सरकलंय, हे त्यावरून कळतं. परळला अनंताच्या मित्राकडे तसला मायक्रोस्कोप होता. मलाही डोळा लावायला दिला. काळोखात हिरवट पिवळे ठिपके. क्षमा म्हणाली, "मालनताई, हे सगळे डॉक्टरसाहेब." मी म्हटलं, "शाळेतसुद्धा असाच चुळबुळ करायचा."

त्या वर्षीचा गणपती मी कधी विसरणार नाही. धोंडूकाका, बाबांचा धाकटा भाऊ, दिंडोशीहून सगळी माणसं घेऊन आलेला. संपात त्याची गिरणी सुटली, आता कुठल्यातरी सोसायटीत वॉचमन आहे, पण गाऱ्हाणं घालायला लागला की गावचा मानकरी. हात जोडून उभा राहिला, आवाज चढवला. "बा गणपती म्हाराजा! आज जी काय ही लेकरां जमली हत, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"ह्या मालूच्या हातार तिच्या भावाचा कातडा बसवला हा. ता तिच्या हाताक धरून ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज कुणाचा, तर आमच्या शास्त्रज्ञांचा. डोळे घट्ट मिटून, एरवी आरतीला टाळ धरायचीही ज्याला लाज वाटते त्याचा. किती हवं होतं त्याला ते!

दिवाळी आली. तुकडा होता तिथेच. मद्रासला सर्जन लोकांची परिषद होती, अनंताला तिथे बोलायचं होतं. फराळाला बसला असताना म्हणाला, "बाय, अजून एकदा तपासायला हवं. या वेळी जरा मोठा तुकडा, मधोमध."

"एकदा बघितलंस ना? ठिपके दिसले ना?"

"त्याला दोन महिने झाले. आता कोण आहे ते माहीत नाही."

"मला माहीत आहे. दिसतंय की डोळ्यांनी!"

"रंग फसवतो. जखमेचं कातडंही काळं पडतं."

माझा राग अनावर झाला. म्हटलं, एवढ्याशा तुकड्यातून तू मधलाच कापणार, मग मला राहणार काय? कडा? तुझ्या परिषदेसाठी माझे बाबा कापतोस? नको ते बोलले. तो चकली हातात धरून ऐकत राहिला. मग म्हणाला, "तू नाही म्हणालीस तर नाही. मी मद्रासला सांगेन की माहीत नाही."

सांगेन की माहीत नाही! सोळाव्या वर्षी ज्याला तेच उत्तर मिळालं होतं तो पुन्हा तेच सांगत परत येणार. आठवडाभर मी तो हात घेऊन घरात फिरले. रात्री कूस बदलताना उशीवर गाल त्याच्यावर टेकायचे. शेवटी एका सकाळी त्याच्यापुढे हात केला. "घे. पण काय दिसेल ते मला खरं सांगायचं."

निकाल सांगायला तो दुपारीच घरी आला, मी रजा काढली होती. बूट न काढता स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसला. मी चहा टाकला होता.

"एकही ठिपका नाही," म्हणाला. "सगळी तूच आहेस, बाय."

मी गॅस बंद केला. त्याच्यासमोर बसले.

"कधी गेलास?"

"कळलं नाही. दसऱ्याच्या आसपास असेल. सशांसारखं सुटलं नाही, खपली धरली नाही. तुझं अंग मला हळूहळू काढत गेलं आणि त्या जागी स्वतःचं भरत गेलं. मी रोज भिंगाने बघत होतो आणि कळलं नाही. मद्रासला हेच सांगणार. जमलं नाही म्हणून."

मी खोटं का नाही सांगितलंस म्हणून रडले, मग खरं का सांगितलंस म्हणून रडले. तोही रडला. त्याला मी बाबा गेल्यानंतर रडताना बघितलं नव्हतं. चहाचे कप मध्ये तसेच.

मग मी डोळे पुसले. म्हटलं, "पुन्हा लाव."

"काय?"

"दुसऱ्या मांडीचं घे. गणपतीत होतास ना? तेवढे दिवस तर तेवढे दिवस. मला चालेल. दरवर्षी लाव."

त्याने मान हलवली. "आता तेवढेही नाही राहणार. आठवडाभर कसंबसं. एकदा टाकलेल्या माणसाला अंग विसरत नाही, बाय. दुसऱ्यांदा दारातच ओळखतं. सशांचंही तसंच आहे, माणसांचंही."

"म्हणजे माझं अंग आता तुला ओळखतं."

"कायमचं."

मी हाताकडे बघितलं. मधोमध पट्टी, कडेने काळसर वण. एकदम माझ्या मनात आलं ते मी विचारलं. "आणि बाबांना?"

तो बुटाची नाडी सोडायला लागला.

"बाबांनाही," म्हणाला. "म्हणून तर मी वर्षभर नाही म्हणत होतो. मी अर्धा बाबांचा आहे. तुझ्या अंगाने त्यांना एकदा बघितलेलं. मला भीती होती की माझ्यात ते त्यांना ओळखेल आणि मलाही टाकेल. बहुतेक तसंच झालं. तुला सांगायची हिंमत नव्हती."

"पंचवीस वर्षांनी? अजून ओळखतं?"

"अजून. मला बाबांचा आवाजसुद्धा आता धड आठवत नाही. तू तरी रोज आठवतेस का? पण तुझ्या रक्तात त्यांची ओळख तशीच आहे. तू जिवंत आहेस तोपर्यंत राहणार."

इतकी वर्षं मी या हाताला शिव्या घातल्या होत्या, की ह्याने माझ्या बापाला हाकलून दिलं. बाहेरून विमला मला हाक मारत होती, तिला मी ओ दिली नाही.

"परत सांग," मी म्हटलं.

"काय परत सांगू?"

"हेच. बाबांचं."

आणि तो बिचारा, चहा तसाच निवत ठेवून, पहिल्यापासून परत सांगायला लागला.